माझ्या टाळूचा साचा

कुंचला ओठांतून ओढून त्याचं टोक करायची मला सवय होती. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करते. बुबुळाची कड काढायला टोक केसाएवढं बारीक लागतं. पाण्यात बुडवून ते तसं येत नाही, ओठांत धरून येतं. आमच्याकडे बऱ्याच बायका असंच करतात. कुंचला ओढताना जीभ आपोआप वर टाळूला टेकते. एका दुपारी ती टेकली आणि तिथं काहीतरी होतं.

वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं, टोचत नव्हतं. टाळूला पुढे दातांमागे वळ्या असतात, त्या संपून टाळू गुळगुळीत होतो तिथं, उजव्या अंगाला. आरशात बघायला गेले तर काही दिसेना. तोंड उघडलं की आत अंधार, आणि मान मागे टाकली की आरसा दिसत नाही. त्यामुळे ती गाठ फक्त माझ्या जिभेला ठाऊक होती. जीभ दिवसभर तिथंच जायची.

दोन महिने मी कुणाला सांगितलं नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे कसं जायचं, याचीच मला लाज वाटत होती. माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिला पहिली गोष्ट हीच सांगते, की न दुखणारी गाठही दाखवायची असते.

मिश्री लावता का?

पेणच्या दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि नवी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथं ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न. मिश्री लावता का, तंबाखू खाता का. मी म्हणायचे, नाही. माझा आवाज मुळातच लहान, त्यामुळे मी खोटं बोलतेय असं वाटायचं. एका डॉक्टरांनी तर तीनदा विचारलं.

त्या दिवशी सासूबाई सोबत होत्या. त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "ती नाय लावत वो, मी लावते. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टर म्हणाले, "मग तुम्हीही तोंड दाखवा, आजी."

सासूबाईंनी ओठ असे घट्ट मिटले की बाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "एवढी वर्षं दात मी घासले आन मार तुला बसला गो." मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिल्या. मिश्रीची डबी त्यांनी त्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकली. शेजारणीला का दिली, टाकली का नाही, असं मी विचारलं नाही.

तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाला यजमान सोबत आले. ते त्याच कारखान्यात साचे करतात. सर्जन डॉक्टर कागद वाचत होते आणि हे छताच्या पंख्याकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, टाळूत लाळेच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकीचा कॅन्सर आहे. सुरुवातीचा आहे. काढून टाकला तर पुष्कळ चांगली आशा आहे.

मी ह्यांच्या कानात सांगून विचारायला लावलं, की रंगाच्या कुंचल्यामुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही, काही सवय नसलेल्यांनाही हा होतो. पण कुंचला तोंडात घालणं बंद करा. तेव्हापासून मी ओला स्पंज जवळ ठेवते.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. म्हणाले, तोंडाचं छत म्हणजे नाकाची जमीन. खाली तोंड, वर नाक, मध्ये पातळ हाडाची फळी. पुढचा भाग हाडाचा, मागचा मऊ, हलणारा, त्याच्या टोकाला पडजीभ. "उजवीकडची फळी काढावी लागेल. मग खालचा आणि वरचा मजला एक होईल. ते भोक झाकायला आम्ही प्लेट देतो. प्लेट नीट बसली तर जेवता येईल, बोलता येईल."

नीट बसली तर. पुढचे सहा महिने मी ह्या तीन शब्दांवर काढले. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणत होते आणि माझा त्यावर विश्वास बसला होता. प्रश्न एवढाच होता, की परत चार माणसांत बसून मला जेवता-बोलता येईल का.

बाहेर आल्यावर ह्यांनी उसाचा रस घेतला, दोघांना. गाडीवाल्याला म्हणाले, "बरफ नको. डॉक्टरांनी नको सांगितलाय." डॉक्टरांनी बर्फाचं नावही काढलं नव्हतं. ह्यांना पाळायला काहीतरी पथ्य हवं होतं, ते त्यांनी स्वतःच बनवलं. मी तो कोमट रस सगळा प्यायले.

आळीत बातमी पसरली की हिच्या टाळूला गाठ झालीय. बघायला येणाऱ्या बायका आधी माझ्या डोक्यावरचे केस निरखायच्या. मी तोंडाकडे बोट दाखवलं की हिरमुसायच्या, कारण तिथं काही दिसायचं नाही.

खाटेवर

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही. जाग आली तेव्हा नाकात नळी होती आणि टाळूच्या जागी कापडाचा बोळा घालून वर तात्पुरती प्लेट बांधली होती. सगळं खाणं नळीतून. सकाळी सहाला दूध, मग दर दोन तासांनी पातळ काहीतरी. नर्स मोठ्या सिरिंजने डाळीचं पाणी ढकलायची आणि म्हणायची, "आज फोडणी दिलीय बरं का." चव लागत नव्हती, पण ती रोज नवीन पदार्थाचं नाव घ्यायची. एकदा तिने माझी वेणी घालून दिली. तिला हे आठवतही नसेल.

शेजारच्या खाटेवर रोह्याच्या रुखसानाभाभी होत्या. त्यांचं जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनाही बोलता येत नव्हतं. त्यांचे यजमान आखातात नोकरीला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा व्हिडिओ फोन यायचा. ते एकटेच बोलायचे. मग म्हणायचे, "ऐकतेस ना? व्हय असेल तर एकदा वाजव, नाय असेल तर दोनदा." भाभी अंगठीने फोनच्या पाठीवर टकटक करायच्या. एकदा ते म्हणाले, "माझी आठवण येते का?" भाभींनी दोनदा वाजवलं आणि त्यांचे खांदे हसून हलायला लागले. मीही हसले, तर टाके ओढले गेले. तीन दिवसांनी मला पहिल्यांदा हसू आलं ते असं.

मग आम्ही दोघी खाटेच्या दांडीवर तसंच वाजवून बोलायला लागलो.

आठव्या दिवशी बोळा काढला आणि मला आरसा दिला. बघावं की नको, असं झालं. बघितलं. डावीकडे माझा नेहमीचा टाळू, आणि उजवीकडे लाल, ओलं दार उघडं. मला वाटलं होतं तितकी मी घाबरले नाही. निकालाचा कागद आला होता, कापलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नव्हता आणि शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागणार नव्हता.

पण बोलायला गेले तेव्हा घाबरले. मी म्हटलं "पाणी" आणि बाहेर आलं "माणी". सगळा वारा नाकातून निघून जात होता. म, न आणि ण एवढीच अक्षरं जागेवर राहिली होती. माझ्या गावाचं नावसुद्धा मला घेता येईना.

वरसे

कारखान्याशेजारीच आमचं घर. प्लास्टरची धूळ घरात असतेच. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं, म्हणून मी वरश्याला ताईकडे गेले. रोहा जवळ, भाभींचं घर जवळ, हवा बरी. ताईने मऊ भात, वरण, केळं कुस्करून, असं सगळं केलं. नवी मिळालेली प्लेट लावली की मी बऱ्यापैकी जेवत होते आणि निम्मं-शिम्मं बोलत होते.

ह्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलीस?"

मी सांगायचे.

"काय? परत बोल."

मी परत सांगायचे.

"नाय कळत गो. ताईला दे."

असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी ते थेट ताईच्या फोनवरच बोलले. मी तिथंच बसले होते. तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणाला बोलले नाही, इथंच लिहिते. मला वाटलं, मी जिवंत आहे पण ह्या माणसाला आता मी लागत नाही. ताईने दुसऱ्या दिवशी मला एक वही आणून दिली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर बरं आहे. त्याच वहीत मी आता हे लिहिते आहे.

महिनाभराने प्लेट उजवीकडे बोचायला लागली. जखम भरते तसं भोक आकसतं आणि प्लेट बदलत जावी लागते, हे मला नंतर कळलं. तपासणीला गेले की दातांच्या डॉक्टर मॅडम विचारायच्या, "कसं आहे? ठीक?" मी मान हलवायचे. बाहेर तीस माणसं बसलेली असायची. त्यात माझ्या बोचण्याचं काय सांगायचं. तीन वेळा मी अशी मान हलवून परत आले आणि तीनही वेळा एसटीत प्लेट काढून हातात धरून बसले.

मग मी माझं डोकं चालवलं.

साच्याचे दोन भाग नीट मिटतात का हे बघायला आम्ही एका कडेला गेरू लावतो, साचा मिटतो आणि उघडतो. जिथं रंग दुसऱ्या बाजूला उमटतो तिथं कडा टेकते. मी प्लेटला ओली हळद फासली, तोंडात बसवली, काढली. कडेला एका जागी हळद पुसली गेली होती. तिथंच बोचत होतं. पर्समध्ये मूर्ती घासायचा बारीक पॉलिश पेपर होता. तेवढी जागा चार हात घासली, धुतली, बसवली. बोचणं गेलं.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं.

प्लेटच्या वरच्या अंगाला, जे टोक भोकात जातं तिथं, एक ओबडधोबड उंचवटा होता. खाचा, फुगवटे, वेडीवाकडी कड. माझ्या नजरेला ते सलत होतं. वीस वर्षं माझे हात एकच काम करत आलेत. जे खडबडीत दिसेल ते गुळगुळीत करायचं. मी ताईच्या पडवीत बसले आणि दोन दुपारी लावून तो उंचवटा छान गोल, गुळगुळीत केला. सोंडेच्या टोकासारखा. मला अभिमान वाटला.

त्याच दिवशी ताईच्या शेजारणीने चहा दिला. पहिला घोट घेतला आणि तो नाकातून माझ्या साडीवर आला. तिची मुलं बघत होती. मी "काही नाही" म्हणायला गेले तर तेही कुणाला कळलं नाही.

मी आत जाऊन बसले ती दोन दिवस बाहेर आले नाही. जेवण खोलीत घेतलं. ताई दारात उभी राहून म्हणाली, "तू आता काय कोंबडीसारखी कोपरा धरून बसणार का गो? मी भावजींना बोलावते." मी नको म्हणून हात हलवले. तिने फोन लावला.

हे आले

हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आले. मी वहीत लिहून सांगितलं, की प्लेट बिघडली. का बिघडली ते लिहिलं नाही. ह्यांनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला. साचेवाल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"पॉलिश पेपर मारलास?"

मी खाली बघितलं.

"किती नंबरचा?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे विचारलं की मला रडू यायचं ते थांबलं. मी बोटांनी दाखवलं.

"कडेला मारलास ते ठीक. पण वरनं कशाला? आगो, हा साचा नाय. ही मूर्ती हाय. साचा तुझ्या तोंडात हाय. ते खड्डे-उंचवटे तुझ्या टाळूचे होते, ते तू उडवलेस. आता बसणार कशी?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांना माझं दुखणं पूर्ण कळलं होतं, आणि मी एक शब्दही बोलले नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "फोनवर मला तुझा आवाज ऐकवत नव्हता. कळत नव्हता म्हणून नाय. तसा ऐकवत नव्हता." आणि प्लेट रुमालात बांधून खिशात ठेवली.

आम्ही तशीच नवी मुंबईची गाडी धरली.

डॉक्टर मॅडमनी प्लेट बघून विचारलं, "ही घासली कोणी?" मी वहीत सगळं लिहून दिलं, हळदीसकट. मला वाटलं आता ओरडतील. त्या वाचून म्हणाल्या, "आम्हीही हेच करतो. आमची पेस्ट पांढरी असते एवढंच." मग त्यांनी विचारलं, "पण दुखत होतं तर मला का नाही सांगितलं? तीनदा विचारलं मी."

मी लिहिलं, "तुम्ही घाईत होता."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "जखम आता भरली आहे. कायमची प्लेट करायची वेळ झालीच होती. आज माप घेऊ. आणि आज मला घाई नाही."

मापासाठी त्यांनी गुलाबी गोळा कालवला. किती पाणी, किती वेळ ढवळायचं, हे यजमान मान पुढे काढून बघत होते. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या प्लास्टरपेक्षा लवकर आळतं हे." गोळा टाळूला दाबून त्यांनी मला "आ" करायला, गिळायला, मान दोन्हीकडे वळवायला लावली. मागचा मऊ भाग हलताना कुठवर येतो, ते मापात यावं म्हणून.

माप बाहेर काढलं. माझा टाळू मी पहिल्यांदा नीट बघितला. पुढे वाळूवर लाट ओसरल्यासारख्या वळ्या. मध्ये सरळ शीर. डावीकडे घुमटासारखी उतरण. उजवीकडे तो वेडावाकडा उंचवटा, जो मी घासून टाकला होता. कुरूप वाटला नाही. फक्त माझा वाटला.

आणि मागच्या कडेला, जिथं मऊ भाग सुरू होतो तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा दिसला. हवा धरली होती. अशा खळग्याने मूर्तीच्या कानाला फोड येतो, तो घासून काढता येतो. इथं तो आला तर प्लेट तिथं नीट टेकणार नाही आणि पाणी तिथूनच वर जाणार. मॅडम माप पिशवीत घालून मदतनिसाला द्यायला वळल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही खळगा पाहिला होता. ते बोलले असते तर लगेच काम झालं असतं. पण त्यांनी हनुवटीने मला खूण केली, की तू सांग.

मी म्हटलं, "इथं हवा धरलीय." बाहेर काय आलं कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या, "काय?"

परत म्हटलं. परत कळलं नाही. वही बाकावर होती, हात पोचला असता. मी उठून त्यांच्या हातातली पिशवी धरली, खळग्यावर नख ठेवलं आणि तिसऱ्यांदा म्हटलं, हळू, एकेक शब्द.

त्यांनी माप दिव्याखाली धरलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "परत घेऊ."

दुसरं माप स्वच्छ आलं. मी ते चहूबाजूंनी बघून मान हलवली, आणि ह्या वेळी ती मान खरी होती.

आता

प्लेट पंधरा दिवसांनी मिळाली. आतून पोकळ, हलकी, ऑपरेशनमध्ये गेलेल्या दातांच्या जागी दोन दात लावलेली. बसवली आणि मॅडमनी पाण्याचा पेला दिला. मी नाकाला पदर लावून प्यायले. पदर कोरडा राहिला.

मी पेणला परतून पुन्हा आखणीला बसते, पण सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. स अजून थोडा सांडतो. फार गरम आणि फार चिकट मी खात नाही. प्लेट रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवायची, दर तीन महिन्यांनी तपासणी. रुखसानाभाभींकडे मी महिन्यातून एकदा जाते. त्यांचं बोलणं माझ्याहून जास्त सुधारलंय. त्या म्हणतात, "तू कमी बोलतेस म्हणून सुधारत नाय. भांडण कर कोणाशी तरी."

ज्यांच्या टाळूचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना एवढंच सांगते. प्लेट बोचली तर सांगा. पहिल्याच वेळी सांगा, बाहेर कितीही माणसं बसलेली असोत. घरी घासू नका. आणि बोलणं कुणाला कळलं नाही तर परत बोला. माझं तिसऱ्यांदा कळलं.

मागच्या आठवड्यात कारखान्यातला फोन वाजला. कुणी जवळ नव्हतं. मी कधी तो घेत नसे, आजारपणाच्या आधीही नाही. समोर माणूस दिसतो तेव्हा तो तोंडाकडे बघून अंदाज लावतो, पण फोनवर काही सोय नसते. चार वेळा वाजला तेव्हा मी उचलला. मुंबईचं गिऱ्हाईक होतं. अडीच फुटांची मूर्ती, बसलेली, शाडूची, डोळे जरा मोठे. मी मापं विचारली, पाटाचा रंग विचारला, पितांबर पिवळं की लाल ते विचारलं, कधी न्यायला येणार ते विचारलं, आणि शाडूची मूर्ती नेताना कशी धरायची तेही सांगायला लागले.

पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, जरा हळू बोला. मी लिहून घेतोय."